पायावरची साय

त्या खोलीत शिंकायला बंदी होती. थट्टा नाही, खरंच सांगतो. शिंक आलीच तर नाक दाबून दाराबाहेर पळायचं, तिथे काय हवा तो धुमाकूळ घालायचा, आणि मग पुन्हा गुपचूप मोज्यांवर आत यायचं. बूटचपला दाराशीच. पंखा नाही, दार आपटायचं नाही, ढकलगाडी आत आणायची नाही. कंपनीतली माणसं त्या खोलीला पाळणाघर म्हणायची आणि तिथल्या मुख्य बाईला पाळणाघराची बाई. घरी तिला थोरली म्हणत, आपणही तेच म्हणू.

आत होतं काय एवढं जपण्यासारखं? तर मांडण्यांवर ओळीने ठेवलेले पसरट ट्रे, ट्रेमध्ये साखरेचं आंबट पाणी, आणि पाण्यावर धरलेली साय. दुधाची नव्हे हो. त्या पाण्यात जिवाणू सोडलेले असतात. ते साखर खातात आणि तिचे बारीक तंतू काढतात. तंतूत तंतू गुंतत जातो आणि पाण्याच्या वरच्या अंगाला, जिथे हवा लागते तिथे, ओला पांढुरका पडदा तयार होतो. लाकडात असतो तोच पदार्थ, फक्त झाडाशिवाय. तो पडदा काढायचा, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून जिवाणू मारायचे, धुऊन धुऊन आंबटपणा घालवायचा, निर्जंतुक करायचा आणि पाकिटात भरायचा. झाली जखमेवर लावायची पट्टी. पाकिटावर तिला मोठं भारदस्त नाव छापलेलं असायचं, पण खोलीत सगळे सायच म्हणायचे.

आणि ही साय म्हणजे महानखरेल. ट्रेला जरा धक्का लागला, पाणी हिंदकळून सायीच्या डोक्यावर आलं, की संपलं सगळं. पहिली साय बुडते आणि तिच्यावर दुसरी धरायला लागते. वरून बघाल तर एकच गुबगुबीत पडदा, हातात घ्याल तर कांद्यासारखे पापुद्रे सुटे. असला माल कुणाच्या जखमेवर लावणार? सरळ टाकून द्यायचा. म्हणून थोरलीचं एकच पालुपद होतं: हलवायचं नाही, उचलून बघायचं नाही. नवीन माणूस आला की ती त्याला पहिल्यांदा हेच ऐकवायची. वर म्हणायची, "मूल झोपलंय का ते बघायला मुलाला उठवतात का?"

तिच्या हाताखाली एक उंचच उंच माणूस होता, त्याला सगळे लांब्या म्हणायचे. मांडणीला डोकं आपटायची त्याला सवय, आणि आपटलं तरी तोंडातून आवाज काढायची चोरी. बिचारा डोकं धरून, ओठ आवळून बाहेर जायचा आणि तिथे कळवळायचा. एकदा साय किती जाड झालीय ते बघायला त्याने बोटाने ट्रेची कड जराशी उचलली आणि नेमकी थोरली दारात. ती ओरडली नाही, तिथे ओरडायचीही बंदीच. पण तिने त्याला बाहेर नेऊन असा काही झापला की पुढे कितीतरी दिवस तो हात पाठीशी बांधून हिंडत होता.

"बाई, तुम्हाला पोरं असती तर त्यांचं काही खरं नव्हतं," तो एकदा म्हणाला.

"पोरं नाहीत म्हणून तर तुला सांभाळतेय," थोरली म्हणाली.

तिला खरंच पोरंबाळं नव्हती. लग्न झालं होतं, मोडलं होतं, त्यावर कुणी बोलत नसे. घरी होती आई आणि धाकटा भाऊ. धाकटा शिंपी. पुढच्या खोलीत मशीन टाकून लोकांच्या पँटी आखूड करायचा, सदरे ढिले करायचा, आणि मागच्या खोलीत आईकडे बघायचा. घर थोरलीच्या पगारावर चालायचं आणि आई धाकट्याच्या हातांवर. दोघांना हे माहीत होतं, त्यामुळे दोघं एकमेकांना टोमणे मारायला मोकळे होते.

आईला साखरेचा जुना आजार. पावलं पार बधिर झालेली. पायातून चप्पल निघून गेली तरी बाईला पत्ता नसायचा. एकदा चपलेत खडा गेला आणि दिवसभर ती त्या खड्यावर चालली. संध्याकाळी धाकट्याने मोजा काढला तर तळव्याला रक्त. त्याची झाली जखम, आणि जखम काही भरून येईना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "ही भरली तर पाय राहील. बिघडली आणि हाडापर्यंत गेली तर पाय काढावा लागेल. मधलं काही नाही."

त्या दिवसापासून त्या घरात दुसरा विषय नव्हता. आई तर आपली लहान मुलीसारखी विचारायची, "राहील ना गं माझा पाय?" आणि थोरली म्हणायची, "राहील म्हणजे? कसा नाही राहत बघते." ती नुसती धीर द्यायला म्हणत नव्हती. तिच्या खोलीत जी साय धरायची ती असल्याच जखमांसाठी होती, आणि ती आपण आपल्या हाताने करतो याचा तिला कधी नव्हे तो अभिमान वाटायला लागला होता. पट्ट्या कापल्यावर कडेचे तुकडे उरत. तेही इतर मालाबरोबर निर्जंतुक झालेले असत. साहेबांना विचारून ती ते घरी आणायला लागली.

आणि गुण आला की! पातळ साय ओली लावली की कातडीसारखी अंगाला बसायची, वाळत आली की जवळजवळ काचेसारखी व्हायची. खालची जखम आरपार दिसायची. धाकटा रोज सकाळी आईचा पाय मांडीवर घ्यायचा, बोटाला लागलेला खडू पँटीला पुसायचा, आणि वाकून वाकून बघायचा.

"गुलाबी आहे. कोटाच्या बटणाएवढी होती, आता शर्टाच्या बटणाएवढी झालीय."

"नीट बघ रे."

"आई, बटणांत मला कोण फसवणार?"

डॉक्टरीणबाई पण खूश झाल्या. म्हणाल्या, "हेच चालू ठेवा. पण रोज बघत जा. हिला दुखणार नाही, म्हणून तुम्ही बघायचं. एकही दिवस चुकवायचा नाही." धाकट्याने मान डोलावली. थोरलीनेही डोलावली.

इकडे कामावर मात्र साहेबांची भुणभुण सुरू झाली होती. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला कुठलीही गोष्ट वजनातच कळायची. एवढी साखर ओतायची, एवढे दिवस खोली अडवायची, आणि हाती काय तर ओंजळभर साय! वाळवली की तीही चिमूटभर.

"बाई, तुम्ही फार छान सांभाळता हो," साहेब म्हणाला, "पण ह्या वजनात खोली परवडत नाही. वरून विचारणा आहे. उत्पादन वाढलं तर ठीक, नाहीतर पाळणाघर बंद करून तिथे गोदाम करायचं म्हणतायत."

"आणि आम्ही?"

साहेबाने टेबलावरच्या काचेकडे बघितलं. तेवढं उत्तर पुरेसं होतं.

थोरली हात धुऊन कामाच्या मागे लागली. आधी खोलीची ऊब. जरा वाढवून बघितली तर जिवाणू सुस्तावले, जरा कमी केली तर गारठले, शेवटी होती तीच बरी ठरली. मग ट्रे. खोल ट्रे काढून उथळ, रुंद ट्रे लावले, कारण पाणी कितीही खोल असलं तरी साय धरणार ती हवेच्या बाजूलाच. त्याने थोडा फरक पडला. मग आंबटपणाची कटकट. हे जिवाणू सगळ्याच साखरेचा तंतू करत नाहीत, थोड्या साखरेचं आम्ल करून टाकतात, आणि आपणच केलेल्या आम्लात नाक मुरडून बसतात. तिने पाण्यात क जीवनसत्त्वाची चिमूट घातली, आम्लाला आळा बसला. मग मद्यार्काचे थेंब घालून पाहिले. जिवाणू जगायला मद्यार्क वापरतात, आणि साखर तंतूंसाठी उरते.

"म्हणजे दारू पाजली की कामं जोरात," लांब्या म्हणाला. "साहेबांना सांगा ना, आमच्यावर पण प्रयोग करा म्हणावं."

घरी धाकटा वेगळंच म्हणायचा. "तिकडे साखर घालतेस, इकडे आईची साखर काढून घेतेस. कुणाचं तरी एकाचं भलं कर बाई."

जेवताना थोरली हेच सगळं बोलायची. आज काय घातलं, काय फसलं, कोणत्या ट्रेला कुणाचा धक्का लागला. आईला त्यातलं अर्धं कळायचं, अर्धं नाही, पण ती कान देऊन ऐकायची. लेक एवढी शिकली आणि अख्खी खोली तिच्या इशाऱ्यावर चालते, याचं तिला फार कौतुक. एकदा तिने विचारलं, "आणि नाहीच वाढली साय, तर?"

"तर मी घरी. मग बसू तिघं पँटी आखूड करत."

थोरली हसत म्हणाली खरी, पण आई हसली नाही.

शेवटी उपयोगी पडली ती एक पांढरी पूड. आइस्क्रीमात, टूथपेस्टमध्ये घट्टपणा यावा म्हणून घालतात तसली. ती पाण्यात घातली आणि साय अशी काही वाढायला लागली की विचारू नका. तंतूंच्या मध्ये पूड जाऊन बसे, साय फुगे, जाड होई. पापुद्रे सुटत नव्हते, चांगली एकसंध होती. वाळवून तोलली तर वजन दुपटीच्या घरात. थोरलीने काटा पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा तोलली, तेच. लांब्या मोज्यांवर आवाज न करता नाचला आणि त्या आनंदातही त्याने मांडणीला डोकं आपटलंच.

फक्त एक होतं. ही साय दुधासारखी पांढरीफट्ट निघायची. वाळली तरी पांढरीच.

"उलट बरं," साहेब तुकडा उजेडात धरून म्हणाला. "स्वच्छ दिसतं. हातात घेतल्यावर काहीतरी घेतल्यासारखं वाटतं." मग तपासण्या झाल्या. ताण सोसते का? सोसते. पाणी धरून ठेवते का? आधीपेक्षा जास्त. जंतू? नाहीत. आरपार दिसतं का, हे कुणी तपासलंच नाही, कारण आरपार दिसणं हा मालाचा गुण आहे हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पातळ होती म्हणून दिसत होतं, एवढंच. आता शेवटची मोठी खेप लावायची, ती वरच्या लोकांना दाखवायची, आणि त्यांनी मान्य केली की खोली वाचली.

थोरलीच्या अंगात नुसता वारा शिरला होता. त्या भरात ती नव्या सायीचे तुकडे घरी घेऊन आली. तिच्या दृष्टीने जगात ह्याहून चांगली पट्टी नव्हती, आणि चांगली वस्तू आधी आईला, हे तिचं लहानपणापासूनचं. तिने स्वतः पाय धुतला, जखम पुसली. शर्टाच्या बटणाहूनही लहान उरली होती. तिच्यावर नवी साय बसवली, कडा दाबल्या आणि मागे सरून समाधानाने बघितलं.

धाकट्याने वाकून बघितलं, आणि तसाच वाकलेला राहिला. "ताई, ह्यातून काही दिसत नाही."

"दिसायला ती काय खिडकी आहे?"

"डॉक्टरीणबाईंनी रोज बघायला सांगितलंय."

"अरे, ती पातळ होती, रोज वाळायची. ही ओल धरून ठेवते. आता कुठे खाली कोवळी कातडी धरतेय, तू उचकटलीस तर तीही निघून येईल." आणि मग तिच्या तोंडून निघालं ते रोजचंच, दिवसातून दहादा म्हणायची ते. "हलवायचं नाही, उचलून बघायचं नाही. आणि ह्या खेपेवर सगळं अवलंबून आहे बाबा, माझ्या डोक्याला आणखी ताप नको."

आता तुम्हीच सांगा, ह्यात तिचं काय चुकलं? जे खोलीत खरं होतं, ते तिने उचललं आणि घरी आणून ठेवलं. ट्रेमधल्या सायीला कुणी बघितलं नाही तर ती चांगली होते. माणसाच्या पायाचं तसं नसतं. पण वर्षानुवर्षं एकच गोष्ट तोंडात घोळवली की ती सगळीकडेच खरी वाटायला लागते. शहाण्यासुरत्या बाईलासुद्धा.

आई पलंगावर बसून ऐकत होती.

पुढचे दिवस थोरलीला घर म्हणजे नुसतं झोपायचं ठिकाण झालं. मोठी खेप लागली होती, मांडणी न् मांडणी भरली होती. ती घरी आली की पाय बाहेरूनच बघायची. साय जागेवर, कडा घट्ट, डाग नाही. "छान आहे," म्हणायची आणि जेवायला बसायची.

एके संध्याकाळी धाकटा म्हणाला, "ताई, वास येतोय."

"तो माझा. व्हिनेगरबाई म्हणून चिडवायचास ना? केसांत मुरलाय."

"तो आंबट असतो, मला माहीत आहे. हा वेगळा आहे."

थोरली आईच्या पायाशी वाकली, नाक लावलं. तिला काही आलं नाही. येणार कुठून? इतकी वर्षं त्या आंबट खोलीत काढून तिचं नाक मेलं होतं, कामावर त्यावरून विनोदही चालायचे. "मला तर काही येत नाही," ती म्हणाली. "आई, तुला काही होतंय का?"

"मला काय होणार? दुखत नाही, खुपत नाही."

"बघ."

"पण एकदा उघडून—" धाकटा म्हणाला.

"अरे परवा वरची माणसं येतायत! ती गेली की रविवारी मी स्वतः उघडते, मग तर झालं? का माझ्या हातावर विश्वास नाही तुझा?"

असं विचारल्यावर भावाने काय बोलायचं? तो पुढच्या खोलीत गेला आणि त्याने मशीन जोरात चालवलं.

वरची माणसं आली. त्यांना मोजे घालायला लावले, त्यांनी ते हसत हसत घातले. थोरलीने एक ट्रे रिकामा करून साय दोन्ही हातांवर तोलून दाखवली. वजनाचे आकडे ऐकून त्यांच्यातला एकजण म्हणाला, "हे जमवलं कुणी?" साहेबाने तिच्याकडे बोट दाखवलं. खोली राहिली. लांब्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून तो बाहेर गेला, कारण आत नाक ओढायचीही पंचाईत.

थोरली त्याला हसत होती तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. आईला सकाळपासून थंडी वाजत होती, अंग भट्टीसारखं तापलं होतं, आणि आता ती त्याला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारत होती. तो तिला घेऊन मोठ्या इस्पितळात निघाला होता. "साय मी काढली," तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

काढल्यावर काय दिसलं ते थोरलीने इस्पितळात बघितलं. सायीच्या खाली जखम बंद झालेली नव्हती, ती आतल्या आत पसरली होती. दोन दिवसांत तळवा घोट्यापर्यंत काळानिळा झालेला, मधे भोक, आणि भोकात पांढरं काहीतरी. थोरलीला आधी वाटलं सायीचा तुकडा चिकटलाय. तिने हात पुढे केला तर तिथली नर्स म्हणाली, "हात लावू नका, हाड आहे ते."

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तरणे होते, दमलेले होते. "गुडघ्याच्या खालून काढावा लागेल. आत्ताच. उशीर केलात तर बाईच हातच्या जातील." मग त्यांनी विचारलं, "पट्टी कोण करत होतं?"

धाकट्याने बहिणीकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी," थोरली म्हणाली.

"मधे उघडून बघितली नव्हती?"

"नाही."

डॉक्टरांनी सही करायला कागद पुढे केला आणि ते हात धुवायला गेले. थोरलीला वाटलं, ह्या माणसाने आपल्याला चार शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

पाय गेला. आई वाचली.

कामावर परत गेल्यावर थोरली मोजे न घालता थेट साहेबाच्या खोलीत गेली. "ती साय पाठवू नका. खालची जखम दिसत नाही. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांना दुखत नाही, त्यांना कळणारच नाही. माझ्या आईचा पाय गेला."

साहेब उठून उभा राहिला. त्याला मनापासून वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "पण बाई, पट्टी उघडून बघायची असते, हे कुठल्याही नर्सला कळतं. नाही का? तुमच्या घरी उघडली गेली नाही, हा मालाचा दोष कसा?"

थोरलीने पाण्याचा पेला खाली ठेवला. तो म्हणत होता ते बरोबर होतं, आणि तेच तिला सहन होईना.

"पाकिटावर एक ओळ टाकू," साहेब म्हणाला. "रोज उचलून पाहावे, अशी. ठळक अक्षरांत."

ओळ टाकली गेली. खोली चालू राहिली, ट्रे भरले जाऊ लागले, आणि थोरली मोजे घालून त्यांच्यामधून फिरत राहिली. करणार काय, आता तर घरात औषधं वाढली होती. नवा माणूस आला की त्याला समजावायचं काम तिने लांब्याकडे दिलं. तिच्याच्याने ते शब्द बोलवत नव्हते.

घरी धाकटा तिच्याशी कामापुरतं बोलायचा. जेवायला वाढलंय. गोळ्या संपल्या. आईच्या तोडलेल्या पायाची मलमपट्टी तोच करायचा, रोज, दार लोटून, आणि थोरलीला आत येऊ द्यायचा नाही. टोमणेसुद्धा बंद झाले होते. एकदा तिने स्वतःहून म्हटलं, "मार ना चार टोमणे." त्याने दोरा दाताने तोडला आणि म्हणाला, "तुला मी सांगितलं होतं ताई." बस्स, तेवढंच. ती रात्रभर जागी राहिली.

एका दुपारी धाकटा शिवलेले कपडे पोहोचवायला गेला होता. थोरली आईच्या दारात उभी राहिली. आई उशीला टेकून बसली होती, मांड्यांवर चादर. बरीच वाळली होती, पण डोळे शुद्धीवर आले होते.

"तिथे काय उभी राहिलीस परक्यासारखी?"

थोरलीला आत पाऊल टाकवेना. "आई, मला वास आला नाही गं. खरंच आला नाही. धाकटा सांगत होता, मी ऐकलं नाही. मला आला असता तर—"

"मला येत होता की," आई म्हणाली.

थोरलीने वर बघितलं.

"पाय मेला होता, नाक थोडंच मेलं होतं? बरेच दिवस येत होता. धाकटा तर दोनदा उघडायला बसला होता. मीच पाय ओढून घेतला. म्हटलं, खबरदार."

"का?" थोरलीने विचारलं. "का गं आई?"

"का म्हणजे?" आईलाच नवल वाटलं. "तूच नाही का म्हणालीस, उघडली की बिघडते? ह्या खेपेवर सगळं आहे म्हणालीस. ह्याने मधेच काढली असती आणि तुझी साय फुकट गेली असती, मग? तिकडे खोली बंद झाली असती. एवढं करून करून तुझा जीव मेटाकुटीला आला होता, मी बघत नव्हते होय?" तिने दम खाल्ला. "मला काय, दुखत तर नव्हतं. म्हटलं, रविवारपर्यंत धरू या कळ."

आईला वाटलं होतं की आपल्या पायावरची सायसुद्धा खेपेतलीच आहे. त्या ट्रेंसारखाच आपलाही एक ट्रे आहे, आणि तो आपण न हलवता सांभाळला पाहिजे. सगळ्या खोलीत थोरलीचं इतकं काटेकोरपणे कुणी ऐकलं नव्हतं.

थोरली दाराची चौकट धरून उभी होती.

"मग?" आईने विचारलं. आवाजात राग नव्हता, खरोखरीची उत्सुकता होती. इतके दिवस तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "चांगली निघाली का गं? पसंत पडली त्यांना?"

"हो आई," थोरली म्हणाली. "चांगली निघाली. खोली राहिली."

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि लेकीला बसता यावं म्हणून तिने चादर आपल्याकडे ओढून घेतली. पलंगावर त्या बाजूला आता भरपूर जागा होती. थोरली तिथे जाऊन बसली.